आमच्या गोट्यांना नंबर द्या

प्रति,
केंद्रीय खाण मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण

विषय : घरोघरी असलेल्या जीवाश्मांची नोंद घेण्याबाबत

महोदय / महोदया,

माझ्या घरात ठेवलेला माल माझा आहे, सरकारचा आहे की चोरीचा, हे मला गेल्या तीस वर्षांत नीट कळलेलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड.

मी उमरेडचा. अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. घराच्या समोरच्या खोलीत काचेची दोन कपाटं आहेत आणि दिवाणाखाली सात पत्र्याच्या पेट्या. त्यांत १६३ गोटे आहेत. आमच्याकडे दगडाला गोटाच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो. त्यातले बहुतेक गोटे उमरेडच्या कोळसा खदानीच्या ढिगाऱ्यांवरचे आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात कुठलं ना कुठलं पान आहे.

पहिलं पान १९९१ च्या जुलैत आलं. सातवीतल्या एका पोराचा बाप डंपर चालवायचा. त्यानं डब्याच्या पिशवीतून, वर्तमानपत्रात गुंडाळून गोटा पाठवला होता. पोरगं म्हणालं, "सर, बाबा म्हणे सरले दाखवजो. गोट्यात आंब्याचं पान हाय जी."

दिसायला खरंच आंब्याचं. वीतभर लांब, टोकाकडे निमुळतं, मधोमध ठसठशीत शीर. पण भिंगाखाली धरलं की फरक दिसतो : मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना बारीक शिरा निघतात आणि काठाला पोचेपर्यंत एकमेकींत गुंतून जाळी विणतात. कोळ्याच्या जाळ्यासारखी नव्हे, मच्छरदाणी तिरकी ओढली तर दिसेल तशी. हे ग्लॉसोप्टेरिस. ग्रीकमध्ये ग्लॉसा म्हणजे जीभ, पान जिभेच्या आकाराचं म्हणून हे नाव. वय सुमारे २८ कोटी वर्षं. त्या काळी आंबाच काय, फुलणारं एकही झाड पृथ्वीवर नव्हतं आणि आमचं उमरेड अंटार्क्टिकाला चिकटलेलं होतं.

पोरांना मी नेहमी कॅप्टन स्कॉटची गोष्ट सांगायचो. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ च्या मार्चमध्ये तो आणि त्याचे सोबती बर्फात मेले. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबू सापडला तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो गोटे होते. अन्न संपलं, पायांना हिमदंश झाला, तरी घसरगाडीवरून ते ओढत आणले होते. त्या गोट्यांत हेच पान होतं. एवढं सांगून मी डंपरवाल्याचा गोटा वर्गात फिरवायला द्यायचो. चाळीस पोरं आणि आवाज नाही, असं माझ्या तासाला फार वेळा झालेलं नाही.

मग गोटे येतच राहिले. पोरांनी खदानीवर जायचं नाही, हा माझा नियम पहिल्या दिवसापासून होता आणि तो मी छडीच्या धाकावर पाळला. ढिगारे सरकतात, सुरुंग असतात. गोटे आणायचे ते बाप, काका, ट्रकवरचे क्लीनर. एकानं 'सापाचा मणका' म्हणून आणलेला गोटा तर त्याच झाडाचं मूळ निघाला. शास्त्रज्ञांनाही तो मणक्यासारखाच दिसला असावा, कारण त्याचं नाव व्हर्टेब्रेरिया आहे. पोराला ते मूळ आहे म्हटल्यावर इतका राग आला की तो गोटा माझ्याकडेच टाकून गेला. नोंद क्रमांक १९.

इथे मी कबूल करतो ते ऐका, कारण पुढची मागणी त्यावरच उभी आहे.

सुरुवातीची सहा वर्षं मी हा संग्रह अक्षरशः वाया घालवत होतो. पानं चमकावीत म्हणून मी त्यांच्यावर फर्निचरचं वार्निश मारलं. नऊ गोटे. आज त्यांवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब छान दिसतं, शिरा दिसत नाहीत. दुसरा अपराध याहून वाईट. चिठ्ठ्या मी कागदावर लिहून गोट्याखाली ठेवायचो. १९९६ चा पावसाळा संपल्यावर एक पेटी उघडली तर विझलेल्या फटाक्यासारखा वास आला. गोट्यांवर पांढरी-पिवळी भुकटी, दोन गोटे बिस्किटासारखे फुटलेले आणि चिठ्ठ्या तपकिरी होऊन कुरतडल्यासारख्या. उंदीर असतील म्हणून मी पिंजरा लावला. उंदीर नव्हतेच. कोळशालगतच्या गोट्यात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक. दमट हवेत त्याचं गंधकाम्ल होतं. ते आधी गोटा खातं आणि मग चिठ्ठी. एका चिठ्ठीवर फक्त "...च्या खाली, ३ नं." एवढंच उरलं होतं. कशाच्या खाली? कुठलं ३ नंबर?

तेव्हापासून क्रमांक गोट्यावरच लिहितो. मागच्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटचा नखाएवढा ठिपका, तो वाळला की त्यावर काळ्या शाईनं आकडा, वरून एक हात पातळ लॅकर. वही वेगळी, वहीची झेरॉक्स मुलीकडे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यातून, औषधाच्या बाटल्यांतून जमवलेल्या. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, कुणी नवे बूट घेतले की पुडी माझ्या दारात येते.

वहीत मी काय लिहितो? कुणी आणला, कधी, कोणत्या ढिगाऱ्यावरून, आणि शक्य असेल तर खदानीच्या कोणत्या थरातून. पानाचं नाव सर्वांत शेवटी, तेही पेन्सिलीनं. नाव चुकलं तर शहाणा माणूस पन्नास वर्षांनी दुरुस्त करेल. ठिकाण चुकलं किंवा हरवलं तर तो फक्त गोटा.

आमच्या नागपूरकडच्यांना हे कुणी परदेशातून येऊन शिकवण्याची गरज नव्हती. खरं तर एक परदेशी येऊनच शिकवून गेला होता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. शाळा काढणं आणि धर्मप्रचार हे त्याचं काम, पण पायी हिंडताना तो गोटे गोळा करायचा. कामठी, सिलेवाडा, मांगली, टाकळी. त्यानं लंडनला पाठवलेल्या नागपूरच्या वनस्पतींवर बनबरी नावाच्या अभ्यासकानं १८६१ मध्ये सविस्तर लेख लिहिला. ते गोटे आजही कामाचे आहेत, कारण हिस्लॉपनं गावांची नावं लिहून ठेवली. १८६३ च्या सप्टेंबरात बोरीजवळ नाल्याच्या पुरात तो वाहून गेला, पण त्याच्या वस्तू निनावी झाल्या नाहीत. तो काही सर्वेक्षणाचा अधिकारी नव्हता. त्याच्याकडे परवानाही नव्हता, आणि माझ्यासारखीच त्यानंही मास्तरकी केली.

आता मुद्द्यावर येतो. डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रालयानं भूवारसा स्थळं आणि भू-अवशेष (यांत जीवाश्मही आले) यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी ठेवला. मला तो कळला मुदत गेल्यावर, जावयानं फोनवर पाठवला तेव्हा. जीवाश्मांना स्वतःचा कायदा हवाच, याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. बाजारात डायनोसॉरच्या अंड्यांचे भाव विचारणारे लोक आहेत. माझ्याही दारात एक व्यापारी येऊन गेला, सगळ्या पेट्यांचे मिळून सत्तर हजार देतो म्हणाला. बायकोनं त्याला चहा दिला आणि मग त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "अहो, यांना सांगा, पोरांच्या वस्तू विकत नसतात." कायदा अशा माणसासाठी हवा.

पण कायदा करताना आमच्यासारख्यांचा एक रकाना राहून जाऊ नये. सिरोंच्याजवळ वडधमला वनखात्यानं जीवाश्म उद्यान राखलं आहे, तिथले दगड झालेले बुंधे जागेवरच राहायला हवेत, तिथून काडीही उचलायची नाही. पिसदुऱ्याचंही तेच. वरोरा तालुक्यातल्या त्या गावाच्या शेतांत डायनोसॉरची वाळलेली विष्ठा दगड होऊन पडलेली आहे, शेतकरी नांगरताना ती वेचून धुऱ्यावर टाकतात. २००५ मध्ये जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले. तोवर समज असा होता की गवत डायनोसॉर संपल्यानंतर पसरलं. धुऱ्यावरच्या शेणानं तो समज मोडला. तिथले दोन तुकडे १९९४ पासून माझ्या कपाटात आहेत, क्रमांक ३१ आणि ३२. ते मी उचलायला नको होते. शेतकऱ्याला विचारलं होतं, तो हसून "न्या ना मास्तर, शेणच ते" म्हणाला होता, तरीही.

खदानीचा ढिगारा मात्र वेगळा. तिथला गोटा जागेवर नाहीच, यंत्रानं आधीच उपसून टाकलेला आहे. दोन पावसाळे खाल्ले की त्याची माती होते, वरून बाभळी उगवतात. तो कुणी उचलला नाही तर तो कुणालाच मिळत नाही. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर हाच पेच आहे : समुद्र कडे ढासळवतो आणि जीवाश्म चुरडतो. तिथे लोकांना उचलू देतात, पण नियम घालून. महत्त्वाचं काही सापडलं तर ते नोंदवायचं आणि अभ्यासकांना बघू द्यायचं. त्याच किनाऱ्यावर स्टीव्ह एचेस नावाच्या प्लंबरनं घरी जमवलेल्या संग्रहाचं २०१६ मध्ये किमरिज गावात रीतसर संग्रहालय झालं. प्लंबरनं, बरं का.

आपल्याकडे तर अशा उदाहरणांची नवलाईच नाही. मध्य प्रदेशातलं घुघवा जीवाश्म उद्यान लोकांपुढे आलं ते मंडल्याच्या एका सांख्यिकी अधिकाऱ्याच्या नादामुळे. बिरबल साहनींनी लखनौच्या संस्थेला आपला स्वतःचा संग्रह आणि पुस्तकं दिली, त्यावर ती उभी राहिली. ३ एप्रिल १९४९ ला नेहरूंच्या हस्ते बसवलेली तिची कोनशिलाही साहनींनी जीवाश्म जडवूनच बनवली होती. आठवड्यानं ते गेले.

आणि आमच्या घरात सर्वांत आधी आलेला जीवाश्म मी आणलेलाच नाही. तो देव्हाऱ्यात आहे. आजेसासऱ्यांनी काशीहून आणलेला शाळिग्राम : गंडकीतला काळा गोटा, आत चक्र. ते चक्र म्हणजे ॲमोनाइट, समुद्रातला शंखवाला प्राणी, हिमालय उचलला जाण्याआधीचा. रोज त्याला आंघोळ, तुळशीपत्र, कार्तिकात लग्न. महाराष्ट्रात अशी किती घरं असतील याचा अंदाज करा आणि मग ठरवा की घरात जीवाश्म ठेवणारा माणूस म्हणजे नेमका कोण. बायकोचा टोमणा ठरलेला असतो : "एका गोट्याला अभिषेक, बाकीच्यांना दिवाणाखाली कोंडलंय." मी म्हणतो, पाणी लागलं तर ते मरतील.

तर मागणी एवढीच. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली घरातली जुनी मूर्ती नोंदवता येते. अर्ज, फोटो, प्रमाणपत्र. मूर्ती घरातच राहते, पण तिचा ठावठिकाणा सरकारला माहीत असतो आणि ती दुसऱ्याकडे गेली तर कळवावं लागतं. बाराव्या शतकातल्या विष्णूला जी सोय आहे ती २८ कोटी वर्षांच्या पानाला द्या. एक पानी अर्ज करा, मराठीत, गोंडीत, तेलुगूत. जप्तीची भीती असेल तोवर कुणी पेटी उघडणार नाही. लोक गोटे विहिरीत टाकतील, नाहीतर त्या व्यापाऱ्याला देतील. अमुक तारखेच्या आत नोंदवलं तर आधी कुठून आणलं याबद्दल शिक्षा नाही, एवढं एक वाक्य घाला. पुढे विकायचं नाही, जिल्ह्याबाहेर न्यायचं तर कळवायचं, अभ्यासक आला तर दाखवायचं, ही बंधनं मी आजच सही करून देतो. ३१ आणि ३२ तुम्ही न्या.

नोंदीचा आणखी एक उपयोग सांगतो. पाटीसारखा गोटा छन्नीनं नीट फोडला की पान दोन्ही भागांवर उमटतं, एकावर ठसा आणि दुसऱ्यावर त्याचा उलटा ठसा. काही शिरा एकावर दिसतात, काही दुसऱ्यावर. क्रमांक ८८ चा अर्धा भाग माझ्याकडे आहे. दुसरा अर्धा ज्या विद्यार्थ्यानं ठेवून घेतला तो आता पुण्यात आहे, टीव्हीखाली ठेवलाय म्हणतो. आम्हा दोघांना माहीत आहे म्हणून ते एक पान आहे. आम्ही दोघं नसू तेव्हा ते दोन गोटे.

'संग्रहालयाला देऊन टाका' हे उत्तर कृपया देऊ नका. मी गेलो होतो. नाव घेत नाही, पण एका संग्रहालयात मला दोन तास बसवून विचारलं, "पावती आहे का?" कसली, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आणि एका महाविद्यालयात रंगकामाच्या वेळी भूशास्त्राचे ट्रे रिकामे करून गोटे कुंपणाच्या भिंतीशी ओतलेले मी डोळ्यांनी पाहिले. आत पन्नास वर्षांपूर्वीच्या सुबक अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, त्या रद्दीत गेल्या. त्या ढिगातून दोन गोटे मी उचलून आणले. माझ्या वहीत त्यांचं ठिकाण काय लिहिलं असेल? "कॉलेजची भिंत."

घरातला संग्रह कुलपात राहतो असं कुणाला वाटत असेल तर तसंही नाही. दर रविवारी दहा ते बारा दार उघडं असतं. शिवाय एक फिरती पेटी आहे. बारा गोटे, प्रत्येकाला फोमची खाच, एक भिंग आणि एक वही. ती एसटीनं शाळेशाळेत जाते, एका गुरुजींकडून दुसऱ्याकडे. उमरेड, भिवापूर, कुही, पुढे हिंगणा आणि काटोलपर्यंत जाऊन आली आहे. नियम एकच, गोटा हातात घ्यायचा तो बसून, टेबलावर.

२०१३ च्या फेब्रुवारीत ती परत आली तेव्हा आत तेरा गोटे होते.

तेरावा काळपट-करडा, मुठीएवढा, चुनखडीसारखा चरचरीत, आणि आत गोगलगायी. दहा-बारा असतील, काही आडव्या कापल्यासारख्या, काही अख्ख्या, शंख डावीकडे वळलेला. हे फायसा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थांबून थांबून यायचा, मधल्या काळात तळी साचायची, त्यांत या गोगलगायी राहायच्या. नागपूरजवळ टाकळीला त्या हिस्लॉपलाही मिळाल्या होत्या. पण हा गोटा कुठला? कुणाच्या विहिरीतून निघाला? कुणीतरी पोरानं किंवा पोरीनं आपल्याकडचीही वस्तू पेटीत असावी म्हणून हळूच ठेवला, खाच नव्हती म्हणून वहीच्या घडीत. पेटी अकरा शाळांतून फिरली होती. मी सगळ्या गुरुजींना फोन केले, दोन शाळांत स्वतः गेलो. एका वर्गात सगळ्यांनी हात वर केले, दुसऱ्यात कुणीच नाही.

तो माझ्या संग्रहातला सर्वांत देखणा गोटा आहे आणि त्याचा अभ्यासाला काडीचा उपयोग नाही. कपाटात तो पहिल्या फळीवर ठेवला आहे. येणाऱ्या प्रत्येक पोराला मी तो आधी दाखवतो आणि विचारतो, याच्यात काय कमी आहे? दहातली नऊ पोरं म्हणतात, डोकं.

तुमचा अर्ज निघाला की मी १६३ भरून देईन. १४१ व्या अर्जात, म्हणजे या गोट्याच्या, ठिकाणाचा रकाना रिकामा असेल. तो बघून कुणी अर्ज परत पाठवू नये, एवढी व्यवस्था करावी. कदाचित तो छापून आल्यावर कुठेतरी एखाद्या पंचविशीतल्या माणसाला आठवेल.

तपासणीला माणूस पाठवणार असाल तर मेअखेरीपर्यंत पाठवा. रविवारी यायचं तर बारानंतर, आधी पोरं असतात. पहिला पाऊस पडला की मी पेट्या दसऱ्यापर्यंत उघडत नाही, मंत्री आले तरी.

आपला,
उमरेडचा एक निवृत्त भूगोल शिक्षक